सोफ्यावरची तिसरी जागा

पत्राचा सारांश: पत्र आहे चाळिशीतल्या एका वाचक मैत्रिणीचं. घरात नवा गेमिंग कन्सोल घ्यायचं चाललंय. नवरा लहानपणापासून गेम खेळत आलेला, आणि नऊ वर्षांची लेक आता त्याच्या तोडीस तोड खेळते. यांना मात्र दोन स्टिकवाला कंट्रोलर जमत नाही (एका स्टिकने चालायचं, दुसरीने गेममधली नजर, म्हणजे 'कॅमेरा', फिरवायचा). 'हातात घेतला की माझा कॅमेरा एकतर जमिनीकडे, नाहीतर छताकडे,' असं त्या लिहितात. लग्नाआधी, २००८ च्या सुमारास, त्या भावाबरोबर निन्टेंडोच्या 'वी'वर तासन्‌तास टेनिस खेळायच्या. भाऊ नोकरीसाठी दुसरीकडे गेला आणि तो कन्सोल बंद पडून राहिला. आता त्यांना वाटतंय की हात हलवून खेळता येईल असाच कन्सोल घ्यावा. आपल्याला खेळता येईल, गुडघेदुखीच्या सासूबाईंना खेळता येईल, वर थोडा व्यायामही होईल. नवऱ्याचं म्हणणं असं की मोशन कंट्रोल म्हणजे नुसते हातवारे, तो प्रकार केव्हाच मागे पडला, आणि माळ्यावर धूळ खात पडलेला 'वी' हाच त्याचा पुरावा. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, 'माझा हट्ट निव्वळ आठवणीपोटी आहे का? पैसे घालून घरात पुन्हा एक अडगळ आणतेय का मी?'

नमस्कार,

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती छताकडे बघणाऱ्या कॅमेऱ्यापाशी. बाप-लेक खेळतायत, तुम्ही सोफ्यावरच्या तिसऱ्या जागेवरून बघताय. मध्येच कधीतरी कंट्रोलर तुमच्या हातात येतो आणि दोन मिनिटांत 'अगं आई, तिकडे नाही, इकडे!' होऊन परत जातो. तुम्ही हे असं लिहिलेलं नाही, पण मला ते असंच दिसलं. चुकत असेन तर सांगा. मात्र असं खरोखर होत असेल, तर कन्सोल निवडताना मी ही गोष्ट ग्राफिक्स आणि प्रोसेसरच्या आधी विचारात घेईन.

सुरुवात त्या माळ्यावरच्या 'वी'पासून करू. तुम्ही दोघांनीही धरून चाललाय की तो धूळ खात पडला, म्हणजे त्यातली कल्पनाच पोकळ होती. पण तुमचं खेळणं थांबलं कधी? भाऊ गेल्यावर. रिमोट तोच होता, टेनिस तेच होतं, समोर उभं राहणारं माणूस गेलं. चौघांतले दोघे गावाला गेले की पत्त्यांचा कॅटही कपाटात जातो. त्याबद्दल आपण पत्त्यांना दोष देत नाही.

तरी तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते नीट मांडायला हवं. 'वी' २००६ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आला आणि पुढे दहा कोटींहून जास्त विकला गेला. बहुतेक देशांत त्याच्यासोबत 'वी स्पोर्ट्स' हा गेम मिळायचा. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग. पाचही खेळ असे की नियम समजावत बसायला नको. ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरला नव्हता ती माणसं पाच मिनिटांत खेळायला लागली. मग त्यानंतर काय खेळायचं, हा प्रश्न आला. पुढच्या कितीतरी गेम्समध्ये हालचाल वरून चिकटवलेली होती. एरवी जिथे बटण दाबलं असतं तिथे रिमोट झटकायचा, एवढाच बदल. २०१० चा 'डाँकी काँग कंट्री रिटर्न्स' आठवतो. अंतराचा आणि वेळेचा अगदी बारीक हिशोब करत उड्या मारायचा गेम, आणि त्यात लोळण घ्यायची तर रिमोट झटकायचा. झटका कमी पडला की गेममधला गोरिला सरळ दरीत. २०१३ मध्ये हाच गेम हातात धरून खेळायच्या ३डीएसवर आला तेव्हा लोळण बटणावर आली, आणि माझ्या मते गेम होता त्याहून चांगला झाला. ज्यांनी असे चार-पाच गेम सोसलेत त्यांनी 'हातवारे' म्हणून नाक मुरडलं तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

आता याच्या शेजारी बोलिंग ठेवा. माझ्या वडिलांनी तोवर एकही व्हिडिओ गेम खेळलेला नव्हता. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, रिमोटची दोरी मनगटात अडकवली, चष्मा सारखा केला, रिमोटच्या खालचं बटण बोटाने दाबून धरलं, हात मागे नेला आणि तसाच धरून बसले. हात पुढे येताना ते बटण सोडायचं असतं, म्हणजे चेंडू सुटतो. नेमकं कधी सोडायचं ते त्यांना कळेना. तिसऱ्या खेपेला बोट सुटलं, चेंडू घरंगळत गेला, सात पिना पडल्या. पुढच्या प्रत्येक चेंडूला मग ते हात तसाच वर ठेवून मान उजवीकडे झुकवायचे, चेंडू त्या बाजूला वळावा म्हणून. मान झुकवलेली गेमला कळत नाही. पण चेंडू सोडताना मनगट जरा वळलं तर ते कळतं, आणि चेंडू खरंच वळतो. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आठवड्याभरात त्यांचं त्यांनीच शोधून काढलं.

हात किती मागे गेला, किती जोरात आला, बोट कधी सुटलं, मनगट किती वळलं, हे सगळं एका बटणात बसत नाही. म्हणून कुठलाही मोशन कंट्रोलचा गेम समोर आला की मी एकच गोष्ट विचारते: ही हालचाल काढून तिथे बटण बसवलं, तर खेळात काय उणं होईल? लोळणीच्या बाबतीत काहीच नाही. बोलिंगच्या बाबतीत जवळजवळ सगळंच. 'मोशन कंट्रोल चांगला की वाईट' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या गेल्या.

काही गेम या दोन टोकांच्या मध्ये बसतात. 'झेल्डा' मालिकेतला 'स्कायवर्ड सोर्ड' २०११ मध्ये आला. त्यात समोरचा शत्रू ज्या बाजूने अंग झाकून उभा असेल, त्याच्या उलट बाजूने तलवार फिरवावी लागते, म्हणजे हाताची दिशा महत्त्वाची. काहींना तो जीव की प्राण वाटला, काहींना त्याचा मनस्ताप झाला. २०२१ मध्ये तो निन्टेंडोच्या 'स्विच' या कन्सोलवर आला तेव्हा हात फिरवून किंवा उजवी स्टिक वापरून, कसंही खेळायची सोय करून दिली होती. मला हा मार्ग सगळ्यात समजूतदार वाटतो. गेम विकत घेण्याआधी अशी निवड आहे का ते बघून घ्या. तुमच्यासारख्या दोन तऱ्हांचे खेळाडू असलेल्या घराला तिचा फार उपयोग होतो.

व्यायामाचा मुद्दा मात्र मी तुमच्या यादीतून काढून टाकायला सांगेन. पहिल्या 'वी' रिमोटमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर होता. रिमोटला किती जोराचा झटका बसला आणि तो कसा कललाय, एवढं त्याला समजायचं. टीव्हीखाली ठेवायच्या पट्टीला सगळे 'सेन्सर बार' म्हणायचे, पण सेन्सर तिच्यात नसायचाच. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असायचे आणि ते बघणारा छोटा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी. म्हणजे तुमचा हात खांद्यापासून फिरला की नुसतं मनगट हललं, हे ओळखायचं साधन रिमोटकडे नव्हतं. तुम्ही आणि भाऊ पहिल्या आठवड्यात उभं राहून, घामाघूम होऊन खेळला असाल, आणि दुसऱ्या महिन्यात सोफ्याला टेकून मनगटाच्या झटक्यावर सर्व्हिस करत असाल. आमच्याकडे तसंच झालं. कमी श्रमात जिंकता येतं म्हटल्यावर शरीर तोच रस्ता धरतं. २००९ मध्ये 'मोशनप्लस' हा जोड आला, त्यात जायरोस्कोप (थोडक्यात जायरो) होता, म्हणजे रिमोट कुठल्या बाजूला किती वळला हेही मोजता येऊ लागलं. आजच्या मोशन कंट्रोलरमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरो दोन्ही असतात, तरी आळस करायला वाव राहतोच.

याची उलट बाजूही आहे. २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका डॉक्टरने स्वतःच्याच दुखऱ्या खांद्याबद्दल पत्र लिहिलं होतं. कारण होतं कित्येक तास 'वी'वर खेळलेलं टेनिस. हातात वजन नसतं, त्यामुळे थकवा उशिरा जाणवतो. लेकीला आणि स्वतःलाही अर्ध्या-पाऊण तासाने थांबायची सवय लावा.

व्यायामच हवा असेल तर त्यासाठी मुद्दाम केलेला गेम घ्यावा. २०१९ चा 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' तसा आहे. त्यातली लवचीक रिंग दाबली किंवा ताणली की किती जोर लावला ते मोजलं जातं, दुसरा कंट्रोलर पट्ट्याने मांडीला बांधायचा. रिंग खरोखर हाताला विरोध करते, त्यामुळे तिथे मनगटाच्या झटक्यावर निभत नाही. पण तो घ्या तर स्वतःसाठी घ्या. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी व्यायाम करावा म्हणून आणलेली वस्तू माळ्यावर जायला वेळ लागत नाही.

सासूबाईंबद्दल एकच विचारते. त्यांना खेळायचंय, हे त्यांनी म्हटलंय की तुम्हाला वाटतंय? पत्रातून ते कळलं नाही. बसल्या जागेवरून खेळायला बोलिंगसारखा खेळ उत्तम. 'वी'च्या काळात वृद्धाश्रमांतसुद्धा तो आवडीने खेळला जायचा. गुडघ्यांवर भार पडेल असं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पण आधी त्यांना विचारा, आणि त्या 'नको' म्हणाल्या तर त्यांच्या नावाने कन्सोल घेऊ नका.

'तो प्रकार केव्हाच मागे पडला' हे यजमानांचं वाक्य अर्धं खरं आहे. मागे पडला तो कॅमेऱ्यासमोर उभं राहून अख्ख्या अंगाने खेळायचा प्रकार. मायक्रोसॉफ्टचा 'कायनेक्ट' हा तसला कॅमेरा २०१० च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकला गेला. हातात काहीच धरायचं नाही, समोर उभं राहायचं, बस्स. पण एकट्याने खेळायला टीव्हीपासून साधारण ६ फूट आणि दोघांना ८ फूट मोकळी जागा हवी, म्हणजे रोज टेबल सरकवणं आलं. शिवाय बटणच नाही म्हटल्यावर गेममधल्या माणसाला साधं चार पावलं चालवायचं कसं, इथून अडचण सुरू. नाचाचे गेम तिथे फार छान जमले, बाकीचे अडखळत राहिले. २०१३ च्या एक्सबॉक्स वन या मायक्रोसॉफ्टच्याच कन्सोलसोबत कायनेक्ट घेणं सक्तीचं केलं होतं, वर्षभराच्या आत ती सक्ती काढावी लागली, आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादनच थांबलं.

हातातल्या कंट्रोलरमधला जायरो मात्र कुठेच गेला नाही. गाजावाजा न करता तो सगळीकडे पसरला. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये तो आहे, स्विचच्या जॉय-कॉनमध्ये, म्हणजे दोन बाजूंना लागणाऱ्या छोट्या कंट्रोलरमध्ये, आहे, २०२२ च्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रातही आहे. एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये तो नाही. म्हणजे तुमच्या घरात 'मोशनवाला की बटणांचा' असा जो वाद चाललाय, त्यातले दोन्ही पक्ष बरेचदा एकाच कंट्रोलरमध्ये नांदत असतात. आणि तुमच्या छताच्या दुखण्यावरचं औषधही मला तिथेच दिसतं. हे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

उजवी स्टिक वर ढकलली की ती कॅमेऱ्याला सांगते, 'वर फिरत राहा'. तुम्ही सोडेपर्यंत तो फिरतच राहतो. सवयीच्या बोटाला कधी सोडायचं ते ठाऊक असतं. नवखं बोट क्षणभर उशीर करतं, कॅमेरा छताला जातो. घाबरून स्टिक खाली ओढली की पुन्हा उशीर, पुन्हा जास्त, थेट जमिनीवर. ही तुमची गफलत नाही, स्टिकची रीतच ती आहे. तुमच्या यजमानांच्या अंगठ्याला ती मुरायला वर्षं लागली असणार. जायरोची रीत वेगळी. कंट्रोलर जेवढा वळवाल त्या मानाने नजर वळते, आणि हात थांबला की नजर थांबते. मान वळवून बघण्याच्या हे खूप जवळचं आहे.

निन्टेंडोचा 'स्प्लाटून' २०१५ पासून हेच करतोय. शाईच्या पिचकाऱ्या घेऊन दोन संघ जमीन रंगवतात, असा तो गेम. त्यात मोशन चालू ठेवलं की उजवी स्टिक फक्त डावी-उजवीकडे फिरवते. वर-खाली बघणं सगळं हाताच्या कलण्यावर. म्हणजे तुमच्या अंगठ्याकडून छताची किल्लीच काढून घेतली जाते. मोठं वळण स्टिकने घ्यायचं, शेवटचा बारीक नेम हाताने साधायचा, आणि नजर वेडीवाकडी झाली तर एक बटण दाबून ती सरळ करायची. २०१७ चा 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' खेळताना धनुष्य ताणलं असताना नेम असाच हाताने सरकवता येतो. हा मोशन कंट्रोल सोफ्यावर बसून, कोपर मांडीवर टेकवून वापरायचा असतो, कुठेही हातवारे नाहीत. तुमच्या यजमानांनी आजवर तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करून ठेवला असेल, तर त्यांनाही आठवडाभर चालू ठेवून बघायला सांगा. पहिले दोन दिवस चीड येते, नंतर नुसत्या स्टिकने नेम धरणं अवघड वाटायला लागतं. निदान मला तरी वाटतं.

लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. कंट्रोलरमध्ये जायरो आहे म्हणून प्रत्येक गेम तो वापरतोच असं नाही, त्यामुळे चौकशी गेमची करायची, नुसत्या कन्सोलची नव्हे. आणि सुरुवातीला जायरोची संवेदनशीलता कमी ठेवा. बऱ्याच गेम्समध्ये ती मूळची जास्त असते आणि नवख्या हाताला गरगरल्यासारखं होतं.

'जमत नाही' या शब्दाबद्दलही थोडं बोलायचंय. कॅमेरा सांभाळावाच लागत नाही असे कितीतरी चांगले गेम आहेत, आणि ते कमी दर्जाचे मुळीच नाहीत. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मध्ये कॅमेरा आपोआप गाडीच्या मागे राहतो, कंट्रोलर स्टिअरिंगसारखा कलवून वळता येतं, आणि गाडी रस्त्याबाहेर जाऊ नये म्हणून मदतीची सोय आहे, हवी तेव्हा बंद करता येते. तुम्ही कलवून खेळा, लेकीला स्टिकने खेळू द्या, शर्यत एकच. आणि स्टिक शिकायचीच असेल तर कोणी पाठलाग करत नाही असा एखादा शांत गेम घेऊन एकट्याने अर्धा तास नुसतं हिंडा. शेजारी बसून सूचना देणारं कोणी नको. माझ्या पाहण्यात सूचनांनी जितका कॅमेरा छताला जातो तितका अज्ञानाने जात नाही.

आता प्रत्यक्ष काय करावं? काहीही विकत घेण्याआधी तो 'वी' खाली काढा. रिमोटमध्ये सेल तसेच राहिले असतील तर झाकण जपून उघडा, गळून आतल्या पट्ट्या खराब झालेल्या असू शकतात. सोबतची वायर लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांची असेल. नव्या टीव्हीला तशी भोकं नसतात बरेचदा, मग छोटा अडॅप्टर लागेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा. ही बाब लहान वाटते पण फार महत्त्वाची आहे. नवे टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घेतात, तेवढ्यात तुमची रॅकेट उशिरा फिरते, आणि माणसाला वाटतं आपलाच हात गेला. ऑनलाइन दुकान २०१९ च्या जानेवारीत बंद झालंय, पण डिस्कवरचे गेम चालतात. आणि रिमोटची दोरी प्रत्येकाने मनगटात घालायचीच. सुरुवातीच्या दोऱ्या तुटत होत्या, म्हणून २००६ च्या डिसेंबरात निन्टेंडोने सुमारे ३२ लाख दोऱ्या जाड दोऱ्यांनी बदलून दिल्या होत्या. तुमची बारीक, जुन्या तऱ्हेची असेल तर चांगली मजबूत दोरी लावून घ्या.

मग दोन आठवडे तो टीव्हीपाशी राहू द्या. पहिल्या रात्रीचा जल्लोष मोजू नका, नव्याचे नऊ दिवस सगळ्यांनाच असतात. दहाव्या दिवशी कोणी न बोलावता रिमोट कोण उचलतं ते बघा. लेक उचलते का? की तुम्हीच, रात्री सगळे झोपल्यावर? की कोणीच नाही? कोणीच नसेल, तर आठवण आठवणीच्या जागी सुंदर आहे असं समजून यजमानांच्या आवडीचा कन्सोल घ्या, आणि त्याच्यावर तुमच्यासाठी जायरोचा किंवा बिनकॅमेऱ्याचा एक गेम ठरवून घ्या.

रिमोट उचलला गेला, तर मी स्विचच्या घराण्यातला कन्सोल सुचवेन. 'स्विच लाइट' सोडला तर त्याचे जॉय-कॉन सुटे होतात, त्यामुळे पुष्कळ गेम्समध्ये एकेक घेऊन दोघांना लगेच खेळता येतं. २०२२ च्या 'निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स'मध्ये टेनिस आणि बोलिंग दोन्ही आहेत. चौघांना एकदम टेनिस खेळायचं तर जॉय-कॉनची आणखी एक जोडी लागेल, तो खर्च आधीच धरा. यजमानांना बटणांवर खेळायला तिथेही भरपूर मिळेल, फक्त सर्वांत तगड्या ग्राफिक्सचे मोठे गेम काही वेळा तिथे येत नाहीत किंवा उशिरा येतात, हे त्यांनाही माहीत असेल. त्यांचा जीव प्लेस्टेशन ५ वरच असेल तर तोही मार्ग आहे: जायरो त्यात आहे, हात हलवून सगळ्यांनी मिळून खेळायचे गेम कमी आहेत, त्यासाठी जुना 'वी' माळ्यावर परत न ठेवता बाजूला जोडून ठेवा. एक्सबॉक्स ठरत असेल तर एवढं घरात स्पष्ट बोलून घ्या की त्याच्या नेहमीच्या कंट्रोलरवर तुमच्या वाट्याला फक्त स्टिकच येणार. डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट या चर्चेत मी आणत नाही. हाताच्या हालचालीचा सगळ्यात कस लागतो तो तिथेच, पण एका वेळी एकच जण आत जातो आणि बाकीचे बाहेर बसतात. तुम्हाला बाहेर बसायचा कंटाळा आलाय. शिवाय लहान मुलांसाठी वयाच्या अटीही असतात.

ज्यांचा हात थरथरतो, खांदा वर जात नाही किंवा एकाच हाताने खेळावं लागतं, अशा वाचकांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. हालचाल सक्तीची असलेला गेम त्यांच्या तोंडावर दार लावतो, मग तो कितीही गाजलेला असो. मोशन बंद करता येतं का, बसून खेळता येतं का, हे घेण्याआधी विचारा. काहींचा अनुभव याच्या उलट असतो: छोट्या स्टिकवर अंगठा ठरत नाही, पण अख्खा कंट्रोलर कलवणं सोपं जातं. म्हणून ऐकीव माहितीवर ठरवू नका, ओळखीच्या घरी जाऊन पंधरा मिनिटं हातात घेऊन बघा.

तुमचा हट्ट आठवणीपोटी आहे का? थोडा आहे. पण त्या आठवणीत एक माहितीही आहे. तुम्ही एकेकाळी तासन्‌तास खेळत होता, कोणी बोलावलं म्हणून नव्हे, आपणहून. 'मला गेम जमत नाहीत' या वाक्याशी हे जुळत नाही. यजमानांशी बोलताना मोशन कंट्रोलची बाजू लढवत बसू नका. 'मलाही तुमच्याबरोबर खेळायचंय' असं सरळ सांगा. कदाचित हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नसेल.

आणि 'वी' खाली काढाल तेव्हा, सासूबाई 'हो' म्हणाल्या तर पहिला चेंडू त्यांना टाकू द्या. बटण कधी सोडायचं ते दोनदा सांगा. तिसऱ्या खेपेला सगळ्यांनी गप्प बसा.